ओट्यावरचे दोन डबे

३ जुलै २०२३, सोमवार

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. प्रज्योत काल जहाजावरून आला आणि येताना आईला साडी नाही, शाल नाही, एक यंत्र घेऊन आला. खोका बघून मला वाटलं टीव्ही असेल. आतून निघालं कॉफी करायचं यंत्र. एस्प्रेसो म्हणतात त्या कॉफीला. स्टीलचं धूड, पुढे दांडा, बाजूला वाफेची नळी. जोडीला दाणे दळायचं वेगळं यंत्र, म्हणजे आणखी एक धूड.

ठेवलं कुठे? माझ्या ओट्यावर. मिक्सर उचलून खालच्या कपाटात घातला, मला न विचारता. वर मलाच सांगतो, "आई, मिक्सर तूं सकाळीं एकदांच लायता. हें म्हाका दीसभर जाय." दिवसभर हवं म्हणे!

हा ओटा आमच्या यांनी खाणीवर नोकरीला असताना मुद्दाम बसवून घेतला होता. काळा कडाप्पा, एकसंध, मधे जोड नाही. शाळेतून आल्यावर मी आधी ओटा बघायची आणि मग मुलाचं तोंड. जेवणं झाली की साबणाने धुऊन कोरडा करायचा आणि वर काही म्हणजे काही ठेवायचं नाही, हा या घरचा कायदा. हे गेले त्या दिवशीही मी ओटा पुसला होता. प्रज्योत तेव्हा समुद्रात होता. करोनात जहाजं अडकली होती, विमानं बंद होती, सगळं खरं. पण अग्नी पुतण्याने दिला हेही खरंच.

आमचं बोलणं कोकणीत, भांडणही कोकणीत. लिहायला मात्र मला मराठी लागते, जन्मभर पोरांना तीच शिकवली. तेव्हा तोंडावर बोलता येत नाही ते इथे.

४ जुलै, मंगळवार

पहिली कॉफी झाली. काय तो सोहळा! दाणे दळले, पूड दांड्याच्या वाटीत भरली, थोडी बाहेर. दाबणीने दाबली, आणखी थोडी बाहेर. दांडा यंत्रात अडकवला, यंत्र घरघरलं, आणि भातुकलीतल्यासारख्या कपात तळाला दोन घोट काळं पाणी. एवढ्या उठाठेवीला दोन घोट! मग वाफेच्या नळीने दूध तापवलं, ते फुसफुसून माझ्या टाइल्सवर. शेवटी दांड्यात उरलेली ओली चकती सिंकच्या काठावर ठाक्कन आपटून पाडली. शेजारची शांता दारात येऊन विचारते, काय फुटलं गे?

चव कडू. त्यापेक्षा अडुळसा बरा. "कशी जाली?" म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, तू ओटा बघ.

काळ्या कडाप्प्यावर काळी पूड दिसत नाही, म्हणून त्याचं फावतं. पण माझा तळहात आंधळा नाही. ओट्यावरून फिरवला आणि त्याच्या नाकासमोर धरला. शाळेत मी अख्ख्या वर्गाची नखं तपासायची, हा कोण लागून गेला?

शिवाय हे व्यसनच की. सकाळी ते काळं पाणी पोटात गेल्याशिवाय याचे डोळे उघडत नाहीत. दुसऱ्याच्या ताब्यात राहायचं म्हणजे माणसाने किती राहायचं! मला असलं काही नाही. मी आपली सकाळ-संध्याकाळ दातांना मशेरी लावते, पण ती औषध म्हणून. पूर्वी दाढ ठणकायची, ती मशेरीने थांबली. शांता तिच्या घरी तंबाखू भाजून, कुटून आणून देते. माझ्या घरी भाजली तर वास जाईल, आणि कमलाक्षी टीचर मशेरी लावते म्हणून आमच्या पाळी गावभर बोभाटा होईल. ओट्यावरच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, काडेपेट्यांच्या मागे माझा स्टीलचा डबा असतो. प्रज्योतने लहानपणी एकदा विचारलं होतं. दातांचं औषध, म्हणून सांगितलं. विषय संपला.

७ जुलै, शुक्रवार

आज कडाक्याचं भांडण झालं. कारण एकच शब्द, मागीर, म्हणजे नंतर. दूध सांडलं, मागीर पुसतां. पूड पडली, मागीर पुसतां.

"मागीर म्हणजे केन्ना? मुयो आयल्यार?" मी म्हटलं. मुंग्या आल्यावर पुसणार की काय!

"आई, तूं मात्शें वगी राव गे. काफी थंड जाता."

मला म्हणतो वगी राव, गप्प बस! मग मीही सोडलं नाही. काय चाललंय हे, सुट्टी आहे तर झोप, खा, गावात फिर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्याशी कसली कुस्ती खेळतोस? तेव्हा गाडी रुळावर आली. धारगळला हमरस्त्याला लागून दत्ताराम नावाच्या माणसाने दुकानांची नवी रांग बांधलीय. विमानतळाच्या गाड्या आता तिथूनच जातात. त्यातल्या एका दुकानात प्रज्योतला कॉफी विकायचीय, दत्तारामशी भागीदारी करून. पण तो दत्ताराम कॉफी चाखल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. आणि याचा हात अजून बसलेला नाही.

"जहाजार हांव फकत बटन दामतालों आई. सगळें मशीनूच करतालें. हें हातान करपाचें."

"आणि जहाज?"

"जहाज सोडलें."

सोडलं! गावभर मी सांगून ठेवलंय, मुलगा जहाजावर ऑफिसर आहे. आता काय सांगू, धारगळच्या रस्त्यावर कपबशा विसळतो? मी तसं म्हटलंही. तो शांतपणे नळी पुसत होता. म्हणाला, "हांव हांगाच रावतलों. तूं एकटीच आसा."

मी एकटी बिकटी नाही. मला माझा ओटा आहे. असंच सांगितलं त्याला.

१२ जुलै, बुधवार

याच्याकडे तीन फडकी आहेत. एक नळीचं, एक दांड्याच्या वाटीचं, एक ओट्याचं. आज नळीच्या फडक्याने ओटा पुसताना पकडला. मी फडकं उचललं आणि अंगणात नेऊन टाकलं. दुपारी जेवायला आला नाही. नाही तर नाही. कुर्ल्यांचं तोणाक केलं होतं, खेकड्यांचा तो रस्सा शांताला दिला.

१६ जुलै, रविवार

डिचोलीहून काय काय घेऊन आला. रबराची चटई, बारका ब्रश, वाटीवर बसवायचं एक कडं म्हणजे पूड बाहेर जात नाही, आणि चकती ठोकायला मधे आडवी दांडी असलेला डबा. आता ठाक्कन आवाजही नाही. दळतो तो कड्याच्या आत, दाबतो तो चटईवर, वाटीची कड बोटाने पुसून मगच दांडा अडकवतो. दूध तापलं की पहिली नळी पुसतो, मग दूध ओततो. तोंडाने पुटपुटतो, पाढे म्हटल्यासारखं. मागीर हा शब्द गेला.

लिहायला हवं म्हणून लिहिते, आज तळहाताला काही लागलं नाही. दोनदा फिरवला. मग त्याला यंत्र उचलायला लावलं. खाली सापडली चिमूटभर. तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

त्याला मात्र बरं वाटलं नसावं. यंत्र हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुका ओटो नितळ जाय काय हांव गेल्लो जाय?"

ओटा स्वच्छ हवा की मी गेलेला हवा, असले प्रश्न विचारतात आईला! मी यंत्राखालची चिमूट पुसून घेतली.

१९ जुलै, बुधवार

कालपासून अधिक महिना लागला. अधिकात कोणी शहाणा माणूस नवीन काम काढत नाही, हे सांगितलं. म्हणतो, करार अधिक संपल्यावर, दत्ताराम आता फक्त चव बघायला येणार. रविवारी. इथे, माझ्या घरी.

दाण्यांची पिशवी चिमटा लावून ओट्यावर पडलेली असते, ती मला बघवत नाही. शेवटी माझ्या सेटमधला एक स्टीलचा डबा त्याला दिला. माझ्या औषधाचा डबा त्याच सेटमधला. सगळे एका मापाचे, एका झाकणाचे. पिशव्यांपेक्षा हे कसं शिस्तीत दिसतं. हा ओटा शिस्तीत नाही असं कोणा परक्याने म्हणता कामा नये, मग तो धारगळचा का असेना.

आज कॉफी कमी कडू लागली. दाणे बदलले असतील.

२२ जुलै, शनिवार

प्रज्योतला पडसं झालंय. नाक चोंदलंय, डोळे लाल. आलं-मिरी घालून काढा दिला, घेताना तोंड वाकडं करतो आणि ती कॉफी मात्र हसत पितो. पावसात वीज केव्हाही जाते, म्हणून उद्याची पूड आजच दळून डब्यात भरून ठेवलीय. यंत्राला लागून डबा, त्याच्या बाजूला कप पालथे. मला तीनदा सांगितलं, आई, फाल्यां कशाकूच हात लावूं नाका.

माझ्या ओट्याला मी हात लावायचा नाही! उंटावरून शेळ्या हाकायला सांगतोय मला.

खरं सांगायचं तर मला हे दुकान व्हावंसं वाटत नाही, आणि होऊ नये असंही म्हणवत नाही. दुकान झालं तर हा कायमचा इथे. न झालं तर जहाज. शांता म्हणते देवाला सांग. मी देवाला काय सांगू, माझं मलाच ठरत नाही.

२३ जुलै, रविवार

व्हायचं ते झालं. आता शांतपणे लिहिते, कारण माझी यात काही चूक नाही.

दत्ताराम दहाला येणार होता, तो नऊलाच आला. मी नुकतंच औषध लावलं होतं. गाडीचा हॉर्न ऐकला, डबा तसाच ओट्यावर ठेवला, मागे जाऊन चूळ भरली, साडी बदलली. आले तर ओट्यावर दोन डबे, एक यंत्राजवळ आणि एक सिंककडे, वेडेवाकडे. परका माणूस स्वयंपाकघरात येणार आणि ओटा असा! सिंककडचा ओला होईल म्हणून यंत्राजवळ नीट लावला, दुसरा उचलून जनेलात जागेवर ठेवला. फडकं फिरवलं. आरशासारखा ओटा केला.

दत्ताराम म्हणजे पोट पुढे आणि बोलणं त्याच्याही पुढे असा माणूस. पण ओट्याकडे बघून म्हणाला, "बाई, हांगा तर देवघरासारखां असा." मला माणूस बरा वाटला.

प्रज्योतने कॉफी केली. चटईवर कण नाही, नळी लगेच पुसली, सगळं मी सांगितलं तसं. कपात उतरलं ते मात्र नेहमीपेक्षा काळं, वर तो पिवळा फेसही नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण दत्तारामने हात पुढे केला होता. मोठ्या माणसासारखा एका घोटात अर्धा कप प्याला, आणि चेहरा कसा झाला म्हणून सांगू! तरी मुलासमोर वाईट दिसू नये म्हणून उरलेलंही प्याला असता, पण तोंडाला फडका लावून मागच्या दारी धावला आणि केळीच्या बुंध्याशी सगळं बाहेर काढलं. घामाने भिजला, हातपाय कापायला लागले.

मी लिंबाचं पाणी नेलं. "हें काफी न्हय गो बाई, वीख हें," एवढंच म्हणत होता.

प्रज्योतने कपातला थेंब जिभेवर घेतला आणि जागच्या जागी थांबला. डब्याकडे बघितलं. मग वर जनेलाकडे. मग माझ्याकडे. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस? मी फक्त ओटा आवरला.

तो मागे जाऊन दत्तारामला म्हणाला, "दत्तारामबाब, म्हजी चूक. दाणे करपल्ले. हांवें पळोवंक ना."

"अरे, विमानतळावयल्या लोकांक मारून माका तुरुंगात धाडतलंस! दुकान-बिकान विसर तू."

गाडी गेली. झालं ते झालं. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की दाणे करपले होते. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, कडू आहे, कडू आहे. आईचं ऐकलं असतं तर!

माझं डोकं इतकं उठलं की जनेलातला डबा घेऊन मागे जाऊन परत औषध लावलं. आज तेही बिघडलेलं. नुसती कचकच, दातात बारीक खडे, ना झणका ना काही. शांताला सांगायला हवं की भाजणी नीट कर.

दुपारी प्रज्योतने ओटा धुतला. न सांगता. दोन्ही डबे घासले, उन्हं नव्हती म्हणून फडक्याने पुसून पालथे घातले. माझं औषधही गेलं त्यात. पण विचारू कशी?

२४ जुलै, सोमवार

घर शांत आहे. यंत्र बंद. ओट्यावर कण नाही.

जनेलातला माझा डबा भरलेला दिसला. शांता मागच्या दाराने येऊन भरून गेली असणार. न सांगता कामं करते, म्हणून ती मला आवडते. भाजणी या वेळी चांगली आहे.

२७ जुलै, गुरुवार

वास्कोच्या एजंटाचा फोन आला. जहाजावर जागा आहे, बटनवालीच कॉफी. प्रज्योत हो म्हणाला. पुढच्या गुरुवारी वास्कोला डॉक्टरी तपासणी आणि सात तारखेला निघायचं. नऊ महिने.

मी म्हटलं, बरं झालं, ऑफिसर माणसाने रस्त्यावर कपबशा विसळायच्या नसतात.

"ऑफिसर न्हय आई हांव," तो म्हणाला, "केन्नाच नाशिल्लों." कधीच नव्हता म्हणे! आणि जेवायला बसला. भाजी नको म्हणाला. तिखट कमी होतं की काय कोण जाणे. मला एवढंच कळत नाही, यंत्र खोक्यात भरत का नाही? जायचंय ना? मग माझ्या ओट्यावर काय ठेवतोस त्याला?

३१ जुलै, सोमवार

प्रज्योत डिचोलीला जाऊन दोन्ही डब्यांवर नावं घालून आला. भांड्यांवर नाव कोरणारा माणूस बाजारात बसतो, लग्नाच्या भांड्यांवर आम्ही सगळे त्याच्याकडूनच नावं घालून घेतो. पण डब्यावर कोणी असं कोरतं का? एकावर कोरलंय 'कॉफी'. दुसऱ्यावर 'औषध'.

बघून जीव भांड्यात पडला. लहानपणी सांगितलं ते पोराने अजून खरं धरलंय. मोठा झाला तरी आईवर विश्वास आहे. मनात म्हटलं, बरं आहे बाबा.

पण कॉफीचा डबा कशाला? हा चालला जहाजावर. मग कॉफी कोण पिणार, मी?

२ ऑगस्ट, बुधवार

शांता दुपारी आली. मी तिला म्हटलं, गेल्या वेळी डबा भरून गेलीस, भाजणी छान होती.

"हांवें खंय भल्लो?" ती म्हणाली. तिने भरलाच नव्हता. "तुजो प्रज्योत आयल्लो म्हजेकडेन. म्हणपाक लागलो, आवयचो मशेरयेचो डबो म्हजे हातांतल्यान सांडलो, तसलीच मेळत जाल्यार दी. आवयक सांगूं नाका म्हणलें ताणें."

मशेरयेचो डबो. आईचा मशेरीचा डबा, त्याच शब्दात. औषधाचा नव्हे.

"ताका म्हायत आसा?" मी विचारलं.

"गे बाये, ताका ल्हान आसतना सावन म्हायत आसा. म्हजेकडेन मशेरी हाडपाक तूं कोणाक धाडटाली? पुड्येंत कितें आसा तें भुरग्याक कळना?"

खरंच, तेव्हा पुडी आणायला मी त्यालाच धाडायची. शांता गेल्यावर मी ओट्याशी उभी राहिले. पालथे कप, यंत्र, 'कॉफी' आणि 'औषध'. सिंककडचा डबा ओला होईल म्हणून मी यंत्राजवळ लावला होता. दुसरा जनेलात ठेवला होता. तरीच दातात ती कचकच. मी त्या दिवशी माझ्या मुलाची कॉफी दातांना चोळली आणि त्या भल्या माणसाला माझी मशेरी पाजली. पडशाने याचं नाक बंद, नाहीतर झाकण उघडताच कळलं असतं. जीभ लावल्यावर कळलं. एका क्षणात कळलं, आणि दाणे करपले म्हणून मोकळा झाला.

राग आला मला. खूप आला. आईला झाकायला सांगितलं होतं कोणी? कोणी सांगितलं होतं दुकान घालवायला? तोंड नाही का? एक वाक्य बोलायचं होतं, "आई मशेरी लावते." गाव हसलं असतं, चार दिवस. चार दिवसांत काय मरते का मी!

तो बाहेर होता म्हणून बरं. असता तर दिली असती एक थोबाडीत.

३ ऑगस्ट, गुरुवार

प्रज्योत सकाळच्या बसने तपासणीला वास्कोला गेला. त्याच्या मागोमाग मी निघाले. पाळीहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, तिथून पेडण्याची बस धरून धारगळ. पिशवीत 'औषध' लिहिलेला डबा. बसमध्ये जुनी विद्यार्थिनी भेटली. "टीचर, खंय चल्ल्यात?" म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे.

दत्तारामच्या रांगेतलं पहिलं दुकान त्याचं स्वतःचं, चहा-भज्यांचं. मला बघून खुर्चीतून उठला, आणि दोन पावलं मागे सरला. मी डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

"हुंगून बघा," म्हटलं.

हुंगलं. ओळख पटली असावी, कारण हात पोटावर गेला.

"ही माझी मशेरी आहे. रोज दोनदा लावते. त्या दिवशी ओटा आवरताना डब्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. तुम्ही प्यालात ते हे. माझ्या मुलाने कॉफीत काही चूक केली नव्हती. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मला बस आहे."

तो हसला नाही. झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. "माझी आवय तपकीर ओढी," म्हणाला. "पदरात डबी. आमकां कोणाक ठावक नाय असां तिका वाटे. ती मरासर आम्ही कोणी बोलाक नाय." मग म्हणाला, "पोरान तुमचा नाव घेतला नाय गो बाई."

"नाही घेतलं. म्हणून तर आले."

"आयतारा धाडा तेका. पूण पयलो डबो मियां हुंगतलंय."

काम झालं होतं, निघायला हवं होतं. पण त्याचा तो ओटा! साखरेचा चिकटा, त्यावर माश्या, चहाचे गोल गोल डाग एकावर एक, आणि काळाकुट्ट फडका, त्यानेच पुसतो आणि त्यानेच हात पुसतो. या ओट्यावर माझा मुलगा कॉफी करणार? मी कोरडा फडका मागितला. नाही म्हणाला. मग माझ्या पिशवीतला नॅपकिन काढला आणि साबण मागितला. पेडण्याची बस गेली, म्हापशाची गेली. दत्ताराम नुसता बघत होता.

"बाई, रवा गो, मियां करतंय," म्हणाला.

"मागीर?" मी म्हटलं. "मागीर म्हणजे केन्ना?"

४ ऑगस्ट, शुक्रवार

प्रज्योतला सकाळी सांगितलं, रविवारी धारगळला जायचंय, दत्तारामने बोलावलंय. त्याने चमकून विचारलं, "तूं धारगळ गेल्ली?" मी म्हटलं, नसते प्रश्न विचारू नकोस. आणि जाताना स्वतःची फडकी घेऊन जा, तिन्ही.

त्याने मशेरीचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. जनेलातल्या डब्याकडे मात्र दोघांनी एकदम बघितलं. मग त्याने कॉफी केली. माझ्यापुढे कप ठेवला. दूध थोडं सांडलं ओट्यावर, बघितलं मी. पुसलं त्यानेच.

"पूण आई, सोमवारा म्हाका जहाजार वचपाचें. तपासणी पास जाली," म्हणाला. "एजंटाक उतर दिलां."

मला काय! शब्द त्याने दिलाय, त्याने पाळावा. गेला काय आणि राहिला काय, माझं कोणावाचून अडत नाही. ओटा स्वच्छ राहिला म्हणजे झालं.

दुपारी त्याची जहाजाची बॅग आवरायला घेतली. पांढऱ्या गणवेशाच्या कॉलरला मला डाग दिसला. बाल्दीत साबण घालून तिन्ही जोड भिजत घातले. बाहेर असा पाऊस लागलाय की चार-पाच दिवस तरी काही वाळायचं नाही.